बिनव्याजी पैशावर नफा कसा कमवावा : नवशिक्यांसाठी, बिद्रीहून

सगळ्यात आधी घरात सातबारा आहे का बघा. नसेल तर ही मार्गदर्शिका इथंच मिटवा आणि शेजाऱ्याला द्या. असेल तर त्यावर तुमचंच नाव आहे का बघा. आजोबांचं असेल, आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झाली असतील, तर तुमचा अभ्यासक्रम दोन वर्षांनी लांबला. वारसनोंद आटोपा आणि मग खालच्या परिच्छेदावर या.

विषय सोपा आहे. एका दारातून फुकटचा पैसा घ्यायचा, शेजारच्या दारात आठ टक्क्यांनी ठेवायचा, वर्ष भरलं की पहिल्या दाराला त्याचे त्याला परत करायचे आणि मधलं व्याज आपण खायचं. नांगर नाही, पाण्याची पाळी नाही, रात्रीची वीज नाही, तोडीला कोण येतंय का म्हणून बांधावर उभं राहणं नाही. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरच्या आमच्या बिद्रीत ही दोन्ही दारं एका हाकेवर आहेत: एकीकडं विकास सेवा सोसायटी, दुसरीकडं ठेवी घ्यायला टपलेल्या बँका आणि पतसंस्था. दोन्हींच्या वर कारखान्याची चिमणी. नाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना, पत्ता मौनीनगर, पण चार तालुक्यांतला माणूस त्याला नुसतं 'बिद्री' म्हणतो. 'औंदा ऊस बिद्रीला घालणार' म्हटलं की गाव कुणाला आठवत नाही.

पैसा फुकट कसा, ही शंका शहरातला वाचक विचारतो. गावातला विचारत नाही, तो उचल किती मिळेल ते विचारतो. तरी सांगतो. जिल्हा बँक सोसायटीमार्फत सहा टक्क्यांनी पीककर्ज देते. वेळेत फेडलं तर तीन टक्के केंद्र सरकार सोसतं आणि तीन टक्के राज्य सरकार, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. सहातून सहा गेले, राहिलं शून्य. हे शून्य आधी एक लाखापर्यंतच होतं. २०२१-२२ पासून ते तीन लाखांपर्यंत ताणलं. अट एकच, तारीख चुकायची नाही. ३० जून म्हणजे ३० जून. १ जुलैला गेलात तर शून्य पुसलं जातं, व्याज मागच्या तारखेपासून अंगावर येतं, वर दंडव्याज, आणि सोसायटीच्या फळ्यावर थकबाकीदारांच्या यादीत नाव. यातलं शेवटचं सगळ्यात महाग पडतं, कारण तो फळा चहाच्या टपरीसमोर असतो.

हा धंदा आपणच शोधून काढला असं वाटत असेल तर थांबा. जपानात १९९९ पासून व्याजदर शून्याच्या आसपास लोळत होते. तिथल्या बायकांनी घरखर्चातली शिल्लक परदेशी चलनात गुंतवली. त्या गृहिणींना जगभरच्या सटोडियांनी 'मिसेस वातानाबे' असं एकच नाव पाडून दिलं. त्यांच्यामागून मोठे फंड आले: येन उसने घ्यायचे, डॉलर करायचे, जिथं जास्त मिळेल तिथं ठेवायचे. वर्षानुवर्षं बरं चाललं. मग ३१ जुलै २०२४ ला बँक ऑफ जपाननं दर पाव टक्क्यावर नेला. पाव टक्का! आमच्याकडं पाव टक्का म्हटलं तर सोसायटीचे सचिव कॅल्क्युलेटरही उचलणार नाहीत. पण येन वधारला, उसनवारी करणारे घाबरले, सगळ्यांनी एकदमच पैसे परत करायला धाव घेतली, आणि ५ ऑगस्टला टोकियोचा निक्केई एका दिवसात बारा टक्क्यांहून जास्त आपटला. त्याच दिवशी आपला सेन्सेक्सही दोन हजार दोनशेच्या वर घसरला. टोकियोत फुकटचा पैसा कधी परत मागायचा हे बँक ऑफ जपान ठरवते. बिद्रीत ते काम चिटबॉय करतो. कसं, ते पुढं येईल.

पायरी पहिली : कागद

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांना मिळतो. तिथंच खर्च संपला असं समजू नका. आठ-अ लागतो, आधार लागतं, फोटो लागतात (दोनच मागतात, पण आठ काढावे लागतात), आणि ई-करार लागतो. ई-करार केला की सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा चढतो. मग तुमच्या जमिनीवर तुमच्या नावाखाली कायमचं एक बिऱ्हाड राहायला येतं. कर्ज फेडलं तरी ते लगेच उठत नाही. पुढच्या वर्षी परत उचलायचंच आहे म्हणून आपणही उठवायला जात नाही.

खरा ग्रंथ म्हणजे क.म. पत्रक. क.म. म्हणजे कमाल मर्यादा. कुणाचं किती रान, कुठलं पीक, एकरी किती, ते सगळं त्यात. एकरी किती हे जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते, आपण नाही. आपल्याकडं एकवीस गुंठे ऊस असून पत्रकात एक्केचाळीस लागावा असं वाटणं मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण आमच्या जिल्ह्यानं तो स्वभाव एकदा महागात घेतलाय. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत कोल्हापूर जिल्ह्यात आलेल्या रकमेपैकी ११२ कोटी रुपये मागाहून अपात्र ठरले. कारण, मर्यादेच्या बाहेर कर्ज दिलेलं होतं. माफ झालं म्हणून पेढे वाटून बसलेल्यांच्या खात्यावर तेच कर्ज परत उभं राहिलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. आजही आमच्याकडं 'अपात्र' हा शब्द उच्चारला की म्हातारी माणसं आकडा पूर्ण करतात: एकशे बारा कोटी.

पायरी दुसरी : खातेफोड (ऐच्छिक, नाद असेल तरच)

शून्य टक्के हे खातेदारागणिक असतं. म्हणजे एका घरात जितके सातबारे तितकी शून्यं. हे लक्षात आलं की हुशार माणूस लगेच जमीन फोडायला निघतो: थोडी बायकोच्या नावावर, थोडी पोराच्या. आमच्या भावकीतल्या एकानं हा प्रयोग केला. वाटणीपत्र करायचं तर वडलांच्या मागं बहिणींची नावं लागलेली. हक्कसोड पत्राला तिघींच्या सह्या हव्यात. तिघींना गाडी करून आणलं, जेवण घातलं, साड्या घेतल्या. थोरलीला साडीचा काठ आवडला नाही. तिनं सही करताना 'आबांनी मला विहिरीकडचा तुकडा देतो म्हटलं होतं' अशी एक आठवण काढली. आठवण निघाली ती आता दिवाणी न्यायालयात आहे. बोजा चढायचा राहिला, खातंही फुटलं नाही. फुटलं ते दुसरंच काहीतरी. ही पायरी ओलांडून गेलात तरी चालेल.

पायरी तिसरी : उचल

आता आकडे. माझं रान शंभर गुंठे, म्हणजे अडीच एकर, सगळा ऊस. हिशेबाला सोपं जावं म्हणून एकरी साठ हजार धरू. दीड लाख मंजूर. नवशिक्याच्या डोळ्यांपुढं लगेच दीड लाखाचं आठ टक्क्यांनी बारा हजार येतं. मलाही आलं होतं.

जुलैच्या पहिल्याच आठवड्यात काउंटरला गेलो. सचिवांनी रजिस्टर फिरवून माझ्यापुढं केलं. सहीच्या जागेवर फुली मारलेली, आणि माझ्या आधी ज्यानं सही केली त्याच्या बोटाचा गुलाल अजून कागदावर. कुठली तरी मिरवणूक सोडून आला असावा.

"आण्णा, तीस हजाराचं खत हाय ह्यात."

"मला खत नको, रोख द्या."

"तसं येत न्हाई. वस्तुरूप असतंय ते. युरिया, दहा-सव्वीस-सव्वीस. गोडावनात जावा, पावती दावा."

"आणि हे साडेसात हजार?"

"शेअर्स कपात."

"मला शेअर्स कशाला?"

"सभासद हाय न्हवं तुम्ही? लाभांश मिळतोय की."

लाभांश मिळतो, खोटं नाही. कायद्यानं सहकारी संस्थेला पंधरा टक्क्यांच्या वर देता येत नाही आणि चांगल्या सोसायट्या बऱ्यापैकी देतात, वर दिवाळीला भेटवस्तू. पण तो शेअर्सचा पैसा आता सोसायटीच्या पोटात. माझ्या हातात पडले एक लाख साडेबारा हजार. बारा हजाराचं स्वप्न काउंटरवरच नऊ हजारांवर आलं. महिन्याला साडेसातशे. हा आकडा लक्षात ठेवा. पुढची सगळी अक्कल या साडेसातशेभोवती फिरणार आहे.

(वैधानिक इशारा. हे पीककर्ज आहे. त्याचं व्याज सरकार भरतं ते बेणं, खत, मशागत यासाठी. तुमच्या ठेवीसाठी नाही. रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासगटानं २०१९ मध्ये शेतीकर्जाचे आकडे तपासले तेव्हा केरळ, तामिळनाडूसारख्या राज्यांत शेतीच्या उत्पन्नाहून शेतीचं कर्ज मोठं दिसलं. एवढं कर्ज रानात तर गेलं नसणार, हे कुणालाही कळतं. ते गेलं कुठं हे बिद्रीत बसून तुम्हाला आत्ता शिकवलं जातंय.)

पायरी चौथी : ठेव

ठेव कुठं करावी यावर प्रत्येक पारावर एक तज्ज्ञ बसलेला असतो. दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एकावरून पाच लाखांवर गेली. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. म्हणूनच पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त देते. तो जास्तीचा टक्का म्हणजे तुमच्या काळजीची मजुरी आहे.

महिन्याला चार टक्के, सहा टक्के देतो, शेअर बाजारात आमची माणसं बसलीत, असं सांगत कोल्हापुरातून गावोगाव फिरलेले पाहुणे तुमच्याकडंही येऊन गेले असतील. त्यांची हॉटेलातली मीटिंग छान असते, जेवणही. त्यापुढं लिहीत नाही. ज्यांनी सोनं तारण ठेवून तिकडं पैसे घातले ते आमच्या गल्लीत राहतात आणि हे वाचतील.

पैसे ठेवीत न घालता म्हैस घ्या, असं आमच्या मातोश्रींचं मत होतं. हिशेबानं त्यांचं बरोबर होतं. चांगली म्हैस दहा दिवसाला दूधबिल देते, दिवाळीला फरक देते, वर रेडी. आठ टक्के म्हणजे काय हे तिला माहीतही नाही. पण पहाटे पाचला ठेवीचं शेण काढावं लागत नाही. आणि ही मार्गदर्शिका कष्ट टाळू पाहणाऱ्यांसाठी आहे.

राहिला तिसरा मार्ग. हे पैसे उचलून गावातच शेकडा तीननं फिरवायचे. शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभराला तीन, वर्षाला छत्तीस टक्के. शून्यानं घेऊन छत्तीसनं द्यायचं. मिसेस वातानाबेलाही हे साधलं नसतं. करू नका. २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं बिनपरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंत तुरुंगाचा गुन्हा आहे. आपल्याकडं पूर्वी दामदुप्पटीचा नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. एवढी जुनी लाज तरी सावकाराला होती.

पण मागणारा येतो. माझ्याकडं आला. आमच्या शेजारचं दीड एकर तो फाळ्यानं करतो. मालक मुंबईला, सातबारा मालकाच्या नावावर, म्हणून सोसायटी याला उभं करत नाही. क.म. पत्रकात तो नाही, पंजाबराव देशमुखांच्या योजनेतही नाही. ऊस मात्र त्याचा माझ्यापेक्षा हिरवा. खताचं दुकान उधारीला वेगळा दर लावतं म्हणून वीस हजार हातउसने मागत होता, आणि 'तुमचं जे काय असंल ते शेकडा' असं स्वतःच म्हणाला. मी म्हटलं, पैसे ठेवीत अडकलेत. ते खरंच होतं.

पायरी पाचवी : हात न लावणे

ही सगळ्यात अवघड पायरी. ज्याला गरज नाही त्यालाच या धंद्यात नफा मिळतो, हे नियमावलीत कुठं लिहिलेलं नसतं. माझं पोरगं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. त्याच्या पगारातून भांगलण, पाण्याची पट्टी, घरचा किराणा निघत होता, म्हणून माझी एक लाख साडेबारा हजारांची पावती कपाटात इस्त्रीच्या साडीखाली निवांत झोपली होती. म्हणजे सरकारचा पैसा पोराच्या पगाराच्या उशीवर डोकं ठेवून झोपला होता. पोराला हे कळलं नाही. सुनेला कळलं.

सप्टेंबरअखेर भाचीचं लग्न ठरलं. मामा म्हटल्यावर काही देणं आलंच. ठेव मोडली तर दर कापतात, म्हणून पावतीवरच पन्नास हजार काढले. ठेवतारण कर्ज. ठेव आठची, कर्ज दहाचं. काउंटरवरच्या मुलीनं कौतुकानं सांगितलं, काका, फक्त दोन टक्के फरक. मी हिशेब केला: सोसायटीकडून शून्यानं आणलेला पैसा बँकेत ठेवून, तोच माझा मला दहानं घेऊन आलो. सहा महिन्यांनी फेडले. अडीच हजार व्याज.

हे तुमचंही होणार. लग्न नसलं तर म्हाई असेल, म्हाई नसली तर घरभरणी, तीही नसली तर मोटारीचं वायंडिंग जळेल. हात लागतोच. म्हणून नवशिक्यानं ही पायरी वाचावी आणि सोडून द्यावी.

पायरी सहावी : तोड

आता चिटबॉयकडं येऊ. परजिल्ह्यातल्या वाचकासाठी: ऊस कधी तुटणार हे लागणीच्या नोंदीवरून ठरतं, आणि रानात येऊन 'उद्या टोळी येणार' असं सांगतो तो कारखान्याचा माणूस, चिटबॉय. ऊस गेला की बिल सोसायटीमार्फत येतं. सोसायटी आधी आपलं कर्ज वळतं करून घेते आणि उरलेलं तुमच्या खात्यावर टाकते. तुम्हाला विचारत नाही. म्हणजे ३० जून ही तारीख फक्त कागदावर. फुकटच्या पैशाचं खरं आयुष्य तोडीपर्यंतच.

डिसेंबर उजाडला. गावात सगळ्यांच्या तोंडी एकच: तोड आली का? माणसं चिटबॉयला चहा पाजतात, टोळीला खुशाली देतात, मुकादमाच्या बायकोला साखर देतात, कशासाठी? ऊस लवकर जावा म्हणून. आणि त्याच बिद्रीच्या पंचक्रोशीत, माझी तोड लांबू दे म्हणून जोतिबाला नारळ बोललेला मी एकटा. कारण गणित साधं होतं. तोड डिसेंबरात झाली तर कर्ज वर्षअखेर वळतं होणार, म्हणजे सहा महिन्यांचे साडेचार हजार. मार्चअखेर गेली तर नऊ महिन्यांचे सहा हजार साडेसातशे. सव्वादोन हजाराचा फरक, काही न करता.

एका सकाळी चिटबॉय आलाच. गाडी स्टँडला लावून म्हणाला,

"आण्णा, उद्या टोळी तुमच्यात."

"माझं असू दे. शेजाऱ्याचं आधी घ्या. त्याला नड हाय."

तो माझ्याकडं बघतच राहिला. बारा वर्षांच्या नोकरीत असं बोलणारा माणूस त्याला भेटला नव्हता. त्यानं दोनदा विचारलं. मग शेजारच्या फाळ्याच्या दीड एकरात टोळी शिरली. तो गडी माझ्या पाया पडायला आला. मी मोठेपणानं नको नको म्हटलं.

टोळी तिथून उठली ती थेट पुढच्या गावाला गेली. टोळी एकदा गट सोडून गेली की आपल्या बोलावण्यानं येत नाही, हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. तरी साडेसातशेच्या आकड्यानं ते झाकून टाकलं होतं. जानेवारीत उसाला तुरे दिसायला लागले. सकाळी उन्हात पांढरे तुरे फार छान दिसतात. गारगोटीकडं जाणाऱ्या गाड्या थांबून लोक फोटो काढत होते. तुरा आला की उसाची वाढ थांबते. मग कडेनं पांगशा फुटतात, आत दशी पडते, कांडं कापून बघितलं तर मधे कापूस. फेब्रुवारीत एक कांडं मोडून बघितलं आणि बांधावर बसलो. मार्चच्या मध्याला टोळी आली.

आमच्याकडं उसाचं माप गुंठ्याला टनावर असतं. गुंठ्याला दोन टन काढणाऱ्याचा सत्कार होतो. गुंठ्याला टन काढला तर माणूस मान वर करून चालतो. माझा दर साली शंभर गुंठ्याला शंभर टन. औंदा काट्यावर भरला शहाण्णव. चार टन वाऱ्यावर. टनाला तीन हजार चारशे धरा, तेरा हजार सहाशे.

हिशेब

रात्री वहीत लिहीत बसलो. जमेला: नऊ महिन्यांचे सहा हजार साडेसातशे. खर्ची: ठेवतारणाचे अडीच हजार, चार टन ऊस. चार टनांचा आकडा लिहिताना पेन्सिल वापरली.

सून भाकरी करता करता म्हणाली, "मामंजी, एक राहिलं."

तिनं बी.कॉम. केलंय. मी गप्प.

"शंभर टनाचं तीन लाख चाळीस हजार आलं असतं. दीड लाख सोसायटीचं गेलं तरी एक लाख नव्वद हजार आपलं स्वतःचं. ते तुम्ही तीन महिनं कारखान्याकडंच ठेवलं की. एक लाख साडेबारा हजाराचं व्याज वाढवायला एक लाख नव्वद हजाराचं व्याज सोडलं. आठ टक्क्यानं धरलं तर तीन हजार आठशे."

तव्यावरची भाकरी फुगली. मी वही मिटली.

सव्वादोन हजारासाठी सतरा हजार चारशे. टोकियोतल्या फंडांनी हे आकडे बघितले तर त्यांना हायसं वाटेल.

काही वारंवार येणाऱ्या शंका

तीन लाखाची पूर्ण उचल असली तर? एवढी मर्यादा बसायला एकरी साठच्या हिशेबानं पाच एकर ऊस लागतो. आमच्या कागल तालुक्यात पाच एकर बागायत एकट्याच्या नावावर असलेला माणूस ठेवीच्या पावत्या करत नाही, तो निवडणुकीला उभा राहतो.

कर्ज फेडायचंच कशाला, माफी येईल की? तो वेगळा अभ्यासक्रम. त्याचे गुरुजी वेगळे. आमच्या जिल्ह्यात वेळेत फेडणाऱ्यांची जात मोठी, आणि माफीच्या वेळी ती नेहमी रांगेच्या बाहेर उभी. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत थकबाकीदारांचं दोन लाखांपर्यंत माफ झालं. नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन कबूल झालं, ते हातात पडायला २०२२ उजाडलं. तरीही तो आकडा बघा: गुमान फेडणाऱ्याला एका फटक्यात पन्नास हजार. माझ्या पद्धतीनं, तुरा न येता, भाचीचं लग्न न निघता, तेवढे मिळवायला मला साडेपाच वर्षं लागली असती.

शून्य टक्के खरंच शून्य असतं का? असतं. पण काही ठिकाणी व्याज आधी भरून घेतात आणि परतावा मागाहून खात्यावर येतो. तो आला का हे बघायला पासबुक घेऊन जावं लागतं. पासबुकाचं मशीन बंद असतं. या फेऱ्या मी खर्चात धरलेल्या नाहीत. वहीत जागा नव्हती.

मग बिनव्याजी कर्ज घ्यावंच की नाही? घ्यावं की. घ्यावं आणि रानात घालावं. ठिबक करा, लागणीला चांगलं बेणं आणा, खत वेळेवर टाका. गुंठ्याला दहा किलो ऊस वाढला तर शंभर गुंठ्यांत एक टन होतो. एक टन म्हणजे ठेवीचे साडेचार महिने. पण हे सांगायला मार्गदर्शिकेची गरज नाही, हे चिटबॉयही सांगतो.

पायरी शेवटची : नवं-जुनं

जूनच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीत जत्रा असते. कुणाचं फेडणं, कुणाचं लगेच परत उचलणं. जुनं मिटवायचं आणि नवं काढायचं, याला आम्ही नवं-जुनं म्हणतो. काही जण सकाळी हातउसने आणून भरतात आणि नवं कर्ज खात्यावर पडलं की परत देऊन मोकळे होतात. एकच नोटांची गड्डी दिवसभरात तिघांची कर्जं फेडताना मी बघितलीय. रांग रस्त्यापर्यंत गेलेली, पाऊस सुरू, कोपऱ्यात ओल्या छत्र्यांचा ढीग.

माझं कर्ज मार्चअखेरीच्या बिलातून वळतं झालेलंच होतं. नव्याचा फॉर्म भरायला उभा होतो. मागं आमचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं रान माझ्याहून दुप्पट.

"पाव्हणं, ते ठेवीचं तुमी काय तर केलंतासा म्हणं गेल्या साली. कसं असतंय ते?"

रांग हलत नव्हती. मी त्यांना सगळं सांगितलं. शेअर्स कपात, वस्तुरूप खत, भाचीच्या लग्नाचे पन्नास हजार (ही भाची त्यांचीच मुलगी, हे बोलता बोलता लक्षात आलं, तेवढं गाळलं), चिटबॉयला परत पाठवला ते, तुरे, दशी, शहाण्णव टन, सुनेचे तीन हजार आठशे. दाजींनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. तंबाखू मळून झाली, तोंडात गेली, माझं बोलणं संपलं.

"ते समदं बरोबर," दाजी म्हणाले. "पर टक्का किती पडला?"

"आठ."

दाजींनी जरा विचार केला. मग माझ्या खांद्यावरून काउंटरकडं वाकून आरोळी दिली, "सचिव, माझं औंदा पुरं धरा वो."